विमान लेट आहे म्हणजे नेमकं काय लेट आहे?

खिडकीवाली सीट (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात आई आणि मी एका विमानतळावर ९ तास १० मिनिटं बसलो. त्यातले अडीच तास तिकिटावरच होते, लेओव्हरचे, म्हणजे दोन विमानांमधल्या थांब्याचे. त्यांची तक्रार नाही. उरलेले ६ तास ४० मिनिटं मात्र एकरकमी मिळाले नाहीत, हप्त्याहप्त्याने मिळाले. बोर्डावर १४:२० चं १४:५० झालं, मग १५:२०, मग १५:५०. असं तेरा वेळा. पहिल्या तीन वेळी आई चष्मा डबीत, डबी पर्समध्ये, पर्स खांद्यावर असं सगळं आवरून उभी राहिली. चौथ्या वेळी नुसती उठली. पाचव्या वेळी बसल्या जागेवरून फक्त माझ्याकडे बघितलं.

रात्री नऊला एकदाचं विमान हललं तेव्हा म्हणाली, "सात तास लागतील असं दुपारीच सांगितलं असतं तर पाय वर करून झोपले असते गं. मला बसून नाही त्रास झाला, उठून झाला."

आणखी एक. दुपारी दोनला मी काचेपाशी गेले होते. बोर्डावर 'वेळेवर' आणि बाहेर विमानाचा पत्ता नाही. विमानाला लावतात तो पूल तोंड उघडून नुसता उभा. वीस मिनिटांत सुटायचं विमान जागेवरच नाही, तर ते 'वेळेवर' कसं?

म्हणून हा धागा. हे लोक खरं का सांगत नाहीत? आणि तुम्ही असे तास कसे काढता? "चांगलं पुस्तक न्या" सोडून काही असेल तर सांगा. दोन नेली होती.

-----

रिकामटेकडा

पहिला प्रतिसाद माझा, कारण मीही आत्ता गेटवरच बसलोय. ५० मिनिटं लेट, पुढचं देव जाणे.

माझा उपाय साधा आहे. अर्ध्या तासाच्या वर लेट झालं की मी चालायला लागतो. बॅग पाठीवर, टर्मिनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाय सुजत नाहीत, डोकं तापत नाही आणि कुठलं स्वच्छतागृह रिकामं आहे हा मौलिक डेटा गोळा होतो. पुढे विमानात पुन्हा पाच-सहा तास बसायचंच असेल तर आधीही बसून राहणं पिंडऱ्यांसाठी वाईटच.

अवांतर: पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर मेहरान करीमी नासेरी हे इराणी गृहस्थ कागदपत्रांच्या घोळात १९८८ ते २००६ राहिले. अठरा वर्षं. वेळ फारच पुढे सरकली की मी त्यांचं स्मरण करतो.

-----

माजी गणवेश

धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. मी बरीच वर्षं गेटच्या पलीकडच्या बाजूला होतो. कंपनी विचारू नका.

ताई, तुमच्या शीर्षकातच खरा प्रश्न आहे. विमान सुटायला चार गोष्टी एका जागी याव्या लागतात: विमान, क्रू, आकाशात जागा आणि हवामान. यातलं काय अडलंय यावर ते किती वेळ अडेल हे ठरतं. प्रवाशाला फक्त 'लेट' दिसतं.

सगळ्यात जास्त वेळा अडतं ते विमान. ते सकाळपासून चार-पाच फेऱ्या मारत असतं. पहिल्या फेरीत ४० मिनिटं गेली की ती दिवसभर पुढे ढकलली जातात, कारण दोन फेऱ्यांमधला वेळ आधीच घट्ट आवळलेला असतो. आमच्याकडे उशिराच्या कारणांना दोन आकडी कोड असतात. जगभर तेच. ९३ म्हणजे 'आधीच्या फेरीवरून विमान उशिरा आलं'. ९३ ऐकलं की कोणी पुढे काही विचारायचं नाही. दोन वाजता तुम्हाला दिसलेला रिकामा पूल म्हणजे ९३.

क्रूचं गणित वेगळं आणि जास्त वाईट. पायलटच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असते आणि ते तास मोजले जातात तो कामावर हजर झाल्यापासून, उड्डाणापासून नव्हे. म्हणजे तुमच्याबरोबर तोही तास खर्च करत बसलेला असतो. ते संपले की विमान, हवामान, धावपट्टी सगळं ठीक असूनही उड्डाण नाही. नवा क्रू येईपर्यंत थांबा. लोक ओरडतात, "पायलट समोर तर उभा आहे!" उभा आहे, पण चालवू शकत नाही.

तिसरं, आकाशातली जागा. उतरायच्या ठिकाणी गर्दी असेल तर वर घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा विमान निघायच्या ठिकाणीच थांबवतात. युरोपात अशा वेळी उड्डाणाची नेमकी वेळ मिळते आणि तिच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत धावपट्टीवरून उठावं लागतं. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणून कधी कधी दारं लावून विमान तासभर गप्प उभं असतं, ते तयार राहण्यासाठी.

हवामानाचं तुम्हाला माहीत आहेच. फक्त एक सांगतो, कारण त्यावरून लोक फार चिडतात. विजा जवळ पडत असल्या की मोकळ्यावरची माणसं आत घेतात. विमान डोळ्यांसमोर येऊन उभं आहे, पण सामान उतरत नाही, इंधन भरत नाही. आळस नाही तो.

-----

खिडकीवाली सीट

बाप रे, धन्यवाद. पण तेरा हप्त्यांचं काय? विमान आलेलं नाही हे तुम्हाला माहीत असतं. मग सरळ तीन तास सांगा ना. खोटं कशाला?

-----

माजी गणवेश

खोटं नसतं, ती सगळ्यात लवकरची शक्यता असते. समजा मी तीन तास सांगितले. निम्मी माणसं पांगली, काही झोपली, काही बाहेर गेली. आणि तासाभरात दुसरं विमान मिळालं किंवा आकाशातली वेळ अलीकडे आली. आता १८० माणसं गोळा कुठून करू? एखादा आलाच नाही तर त्याचं चेक-इन केलेलं सामान विमानाच्या पोटातून शोधून काढल्याशिवाय विमान सोडता येत नाही. त्यात अर्धा तास जातो, तोवर मिळालेली वेळ गेली. म्हणून अर्धा-अर्धा तास. लोक जवळ राहतात.

बरोबर आहे असं म्हणत नाही. का होतं ते सांगितलं.

-----

शंकासूर

म्हणजे १८० जणांना मेंढरांसारखं एका जागी ठेवायचं, कारण विमान कदाचित लवकर मिळेल. किती वेळा मिळतं हो असं?

-----

माजी गणवेश

फार वेळा नाही.

-----

अर्धविराम

इथेच एक गोष्ट उपयोगी पडते. बोर्ड बघू नका, विमान बघा. बहुतेक विमानं स्वतःची जागा सतत प्रसारित करत असतात आणि फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर ती दिसते. आपल्या फ्लाइट नंबरवरून विमानाचा नोंदणी क्रमांक काढायचा (तो शेपटीच्या बाजूला रंगवलेला असतो) आणि ते विमान या क्षणी कुठे आहे ते पाहायचं. ते अजून दुसऱ्याच शहरात जमिनीवर असेल आणि तिथून इथे यायला दोन तास लागत असतील, तर बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, किमान दोन तास आणि वर सामान-इंधनाची ४०-४५ मिनिटं तुमची. पाय वर करा.

ऐनवेळी विमान बदलतात, हे मात्र लक्षात ठेवा. आपलं लेट झालं आणि दुसरं मोकळं असलं तर तेच लावतात. म्हणून झोपायचं तर गेटच्या हाकेच्या अंतरावर.

शक्य असेल तेव्हा सकाळचं पहिलं विमान घ्या. ते रात्रीच येऊन मुक्कामाला असतं, त्यामुळे ९३ ची भानगड कमी.

-----

मुक्काम पोस्ट आकाश

सकाळच्या पहिल्या विमानाला मी हात जोडलेत. धुक्याचा मोसम असेल तर सूर्योदयाच्या आसपासच ते सगळ्यात दाट असतं. सकाळी सहाचं विमान धुक्यात सापडतं आणि दुपारी बाराचं ऐटीत वेळेवर जातं. त्यामुळे "पहिलं विमान" हा सल्ला ऋतू बघून द्यावा.

आणि ते विमानाचा माग काढणं! आमच्या घरात एक नमुना आहे. तीन तास तो छोटा पिवळा ठिपका बघत बसतो. "आता वळलं... आता खाली आलं... अरे, परत वर गेलं!" शेजारच्या चार अनोळखी माणसांचा रक्तदाब वाढवतो. मी मागच्या वेळी त्याच्यापासून सात खुर्च्या लांब जाऊन बसले. ज्याला कळल्याने शांत वाटतं त्याने बघावं, ज्याला कळल्याने जास्त धडधडतं त्याने फोन उलटा ठेवावा.

-----

अर्धविराम

सात खुर्च्या :) आमच्याकडे तो नमुना मीच आहे. सकाळच्या धुक्याचं मान्य.

-----

दोन पोरांची आई

धाग्यावर सगळे एकटे फिरणारे दिसतात. पाच आणि दोन वर्षांच्या पोरांबरोबर तासांची व्याख्याच बदलते.

मी काय करते: नवीन वस्तू लगेच बाहेर काढत नाही. चिकटचित्रांची वही, रंगीत दोरा, एक छोटी टॉर्च हे सगळं बॅगेच्या तळाशी. पहिले दोन तास विमानतळच खेळणं. सरकता जिना (वर-खाली नऊ वेळा), पट्ट्यावर फिरणाऱ्या बॅगा, काचेतून इंधनाच्या गाड्या. मोठीला काम दिलं होतं, की गेटवर किती लोकांनी बूट काढलेत ते मोजून यायचं. फोनवरचं कार्टून सगळ्यात शेवटी, विमानात बसल्यावर. आधीच संपवलं तर पुढे हाती काही राहत नाही.

झोपेचं मात्र जमत नाही. मधल्या हातांच्या त्या खुर्च्या कोणी शोधून काढल्या त्याला दोन पोरं द्या आणि रात्रभर बसवा.

काही विमानतळांवर मुलांसाठी, प्रार्थनेसाठी, शांत बसण्यासाठी वेगळ्या खोल्या असतात, त्या नकाशात कोपऱ्यात दडलेल्या असतात. प्रार्थनेच्या खोलीबाहेर सहसा गालिचा असतो आणि आवाज नसतो. धाकटा तिथे दीड तास झोपला. कोणी हटकलं नाही.

-----

तिसरी घंटा

माझा अपराध कबूल करते. सहा तासांचा लेओव्हर होता. विमानात फोन फ्लाइट मोडवर, उतरल्यावर रोमिंग महाग म्हणून नेट बंद, वायफाय लावायचा कंटाळा. म्हणजे फोनचं घड्याळ निघालेल्या शहराचीच वेळ दाखवत राहिलं. मी त्या वेळेप्रमाणे गजर लावून गेटपासून दूर शांत कोपऱ्यात मस्त झोपले. गजर झाला, आरामात दात घासले, गेटवर गेले. गेट रिकामं. दीड तासापूर्वी विमान गेलं होतं. लेटसुद्धा झालं नव्हतं, एवढं एकच विमान आयुष्यात वेळेवर गेलं.

नावाने पुकारतील म्हणून निर्धास्त होते. आता बऱ्याच विमानतळांवर आवाजाच्या घोषणा जवळजवळ बंदच केल्यात, सगळं पडद्यावर. तेव्हा झोपण्याआधी भिंतीवरचं घड्याळ बघा, आणि शेजारच्याला विचारा तो त्याच विमानाचा आहे का. असला तर सांगून झोपा.

-----

रिकामटेकडा

दोन तास वीस मिनिटं झाली. आत्ताच गेट बदललं. ३ वरून ४१. चालण्याचा व्यायाम कंपनीतर्फे.

-----

शंकासूर

चालण्यावरून आठवलं. ह्यूस्टनच्या विमानतळावर सामान मिळायला वेळ लागतो म्हणून तक्रारी फार. त्यांनी माणसं वाढवली, थांबणं कमी झालं, तक्रारी तशाच. शेवटी विमानं लांबच्या गेटवर लावायला लागले आणि पट्टाही लांबचा दिला. माणसं पट्ट्यापर्यंत आधीच्या सहापट चालली, पोचेपर्यंत बॅग हजर. तक्रारी जवळजवळ बंद. एकूण वेळ तेवढाच.

हुशारी म्हणा किंवा गंडवणं म्हणा. मला दोन्ही वाटतं. पण धागाकर्तीच्या आईंनी जे सांगितलं ते हेच आहे.

-----

नियमबाज

शिणलेल्या माणसांना नियम सांगितलेले आवडत नाहीत, तरी सांगतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार बऱ्याच देशांना लागू आहे. उशिरामुळे तुमचं झालेलं प्रत्यक्ष नुकसान कंपनीने भरून द्यायचं, मात्र 'शक्य ते सगळे वाजवी उपाय केले होते' हे तिने सिद्ध केलं तर सुटका. म्हणजे नुसत्या मनस्तापाचे पैसे मागून उपयोग नाही, बुडालेल्या हॉटेलची पावती लागते. दाव्याची मुदत २ वर्षं. सामान उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार, मोडकं मिळालं तर ७ दिवसांत. ही मुदत लोक हमखास चुकवतात.

युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम जास्त प्रसिद्ध, कारण त्यात ठरलेली भरपाई आहे. त्यावरचा २०१४ चा एक निकाल मला फार आवडतो. प्रश्न असा, की विमान 'पोचलं' कधी म्हणायचं? चाकं टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं होता, जागेवर उभं राहिलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं, आणि भरपाईची रेषा ३ तासांवर. न्यायालय म्हणालं, निदान एक दार उघडेल तेव्हा पोचलं. प्रवासी जिंकला. तेव्हा दार उघडताना घड्याळाचा फोटो काढा.

अमेरिकेत २०१० पासून विमानात बसवून जमिनीवर अडकवून ठेवण्याला मर्यादा आहे: देशांतर्गत ३ तास, आंतरराष्ट्रीय ४ (ही २०११ पासून), आणि २ तासांच्या आत पाणी आणि काहीतरी खायला देणं बंधनकारक.

कुठेही असा, गेटवरच उशिराचं कारण लेखी मागा, मेसेजवर चालेल. बोर्डिंग पास फेकू नका.

आणि कनेक्शन असेल तर दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये घ्या. पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी घेतलीत तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त न आलेले प्रवासी.

-----

माजी गणवेश

वरच्याला जोड. विमान रद्द झालं की सगळे काउंटरसमोर रांग लावतात. लावा, पण रांगेत उभं राहूनच कंपनीच्या नंबरवर फोन लावा आणि ॲपही उघडा. तिन्हीकडे जागा एकाच साठ्यातल्या असतात, जो आधी पोचेल त्याला. आणि "काहीतरी करा हो" म्हणू नका. पुढची विमानं आधी शोधा आणि "१९:४० च्या विमानात दोन जागा दिसताहेत, त्यात टाकता का?" असं विचारा. समोरच्याचं काम निम्मं होतं, आणि ओरडणाऱ्या दोनशे लोकांत तुम्ही लक्षात राहता.

-----

मुक्काम पोस्ट आकाश

ज्येष्ठांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची मागवली होती. मदतनीस अगदी अदबीने गेटपर्यंत सोडून गेला. विमान चार तास लेट. चाकाची खुर्ची त्याने नेली होती, सासूबाई साध्या खुर्चीवर, स्वच्छतागृह १५० पावलांवर. आणि गेट बदललं तेव्हा त्याला कळवणारं कोणी नाही. तेव्हापासून मदतनीस जायच्या आधी विचारते, लेट झालं तर कोणाला आणि कसं बोलवायचं. नाव आणि नंबर लिहून घेते.

औषधं किमान एक दिवस जास्तीची, हातातल्या बॅगेतच. इन्सुलिन चेक-इनच्या सामानात अजिबात नको, खाली ते गोठू शकतं. पॉवरबँकही हातातल्या बॅगेतच ठेवायची असते, नियमच आहे. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, म्हणजे साधारण २७,००० एमएएच.

-----

अर्धविराम

सगळंच कोलमडतं तेव्हा मात्र यातलं काही चालत नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश जवळजवळ सहा दिवस बंद होतं, सुमारे १ लाख उड्डाणं रद्द. मी तेव्हा अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी विमानतळ सोडून रेल्वे पकडली, हा माझा आजवरचा सर्वोत्तम निर्णय.

आणि २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनची हवाई वाहतूक नियंत्रणाची यंत्रणा बंद पडली ती एका उड्डाणाच्या आराखड्यामुळे. मार्गातल्या दोन ठिकाणांचा सांकेतिक कोड एकच होता, एक फ्रान्समध्ये, एक अमेरिकेत. संगणक गोंधळला, सुरक्षित राहण्यासाठी स्वतःच थांबला. मग राखीव संगणकाला तोच आराखडा दिला गेला. तोही थांबला. २० सेकंदांत दोन्ही. सात लाखांवर प्रवासी अडकले. असं काही असेल तर गेटवरच्या मुलीशी भांडून काय मिळणार?

-----

रिकामटेकडा

बसलो एकदाचा विमानात. एकूण ३ तास ३५ मिनिटं, १४,००० पावलं. दार लावलंय, हलत मात्र नाहीये. कोणाचं तरी सामान शोधताहेत म्हणे. माजी गणवेश, तुमची आठवण आली.

-----

शंकासूर

धागाकर्ती, तुमच्या तेरा हप्त्यांचं कारण शेवटी कळलं का?

-----

खिडकीवाली सीट

हो! नियमबाज यांचं वाचून कंपनीला लिहिलं होतं, काल उत्तर आलं. आधीच्या शहरात तपासणीत एका चाकाच्या टायरला चीर दिसली. बदलायचं चाक तिथे नव्हतं, दुसरीकडून आणलं. ते बसेपर्यंत क्रूचे तास संपले.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चाक? मग 'चाक बदलतोय' एवढं सांगायला काय झालं होतं त्या मुलीला? मी काही म्हटलं नसतं."

-----

माजी गणवेश

म्हणजे तिथे कोड ४१, विमानात बिघाड. आणि तुमच्याकडे ९३ च.

आईंना सांगा, त्या मुलीलाही चाकाचं माहीत नसणार. तिच्या पडद्यावर नवी वेळ येते आणि शेजारी दोन आकडे. तेरा वेळा तेच आले असतील.